वाळवंट आपलंच आहे, हातपाय पसरा: फुकट कॅम्पिंगचे अनुभवसिद्ध सल्ले

फेब्रुवारीतल्या प्रेसिडेंट्स डेच्या लाँग वीकेंडला आम्ही तिघं, मी, बायको आणि नऊ वर्षांची लेक, अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सपासून दोनेक तासांवर वाळवंटात तंबू टाकून राहिलो. फुकटात. बुकिंग नाही, नळ नाही, संडास नाही, शेजारी नाहीत. म्हणजे शुक्रवारी रात्री साडेआठपर्यंत नव्हते. साडेआठला सात गाड्या आल्या, आणि रविवारी दुपारी त्या गेल्या तोवर मला इतकं ज्ञान मिळालं होतं की ते एकट्याने ठेवून घेणं पाप आहे. म्हणून हे सल्ले. ग्रुपवर बिनधास्त फॉरवर्ड करा, गुड मॉर्निंगच्या गुलाबांमधे कुठेतरी खपून जाईल.

सगळ्यात आधी, जमीन कोणाची वगैरे चौकशा करत बसू नका. बीएलएम म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट नावाचं एक सरकारी खातं आहे, त्यांच्याकडे जवळपास २४.५ कोटी एकर जमीन आहे, म्हणजे तीन महाराष्ट्र मावून वर थोडी उरेल इतकी, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी चौदा दिवस फुकट राहता येतं. तिच्या शेजारी फॉरेस्ट सर्व्हिसची जमीन, त्याच्या शेजारी स्टेट ट्रस्ट लँड, जिचं उत्पन्न मुख्यतः शाळांसाठी असतं आणि जिथे परमिट लागतं, पलीकडे नावाहो किंवा तोहोनो ओओधाम या इथल्या मूळ लोकांची जमीन जिथे त्यांना विचारावं लागतं, आणि मधेच कुठल्यातरी रँचरचं कुंपण. हे सगळं बघायला नकाशाची फुकट अ‍ॅप्स आहेत, पण आपण कशाला बघायचं, दगड सगळीकडे सारखेच. कुंपणाला गेट असेल तर उघडून आत जा आणि उघडंच ठेवा. गाई रस्त्यावर आल्या तर तेवढंच गावाकडे आल्यासारखं वाटेल.

तंबूसाठी मोकळी जागा चुकूनही निवडायची नाही. तीन महाराष्ट्र रिकामे पडलेले असताना जिथे आधीच कोणाचातरी तंबू आहे तिथेच, बरोबर पंधरा फुटांवर, आपले चार तंबू लावायचे. अख्खी एसटी रिकामी असताना नेमका आपल्याच सीटवर येऊन "सरका जरा" म्हणणारा माणूस असतो ना, तो पण अमेरिकेत आलाय, व्हिसा मिळालाय त्याला.

हेडलाइट्स मात्र आमच्या तंबूवर रोखूनच ठेवा, अर्धा तास तरी. त्याशिवाय तंबूचे खांब सापडत नाहीत.

वॉश दिसला, म्हणजे कोरड्या ओढ्याचं पात्र, की तिथेच गाद्या टाका. काय मऊ वाळू असते, सपाट, दगड नाही धोंडा नाही. ती तशी सपाट कोणी केली हा प्रश्न विचारायचा नाही. इकडचा मान्सून १५ जून ते ३० सप्टेंबर धरतात, आणि पाऊस पडतो वीस मैलांवरच्या डोंगरात, तुमच्या डोक्यावर चांदणं असतं, पाणी येतं ते न सांगता. अ‍ॅरिझोनात १९९५ पासून एक कायदा आहे, लोक त्याला 'स्टुपिड मोटरिस्ट लॉ'च म्हणतात, की पुरामुळे बॅरिकेड लावलेल्या रस्त्यावर गाडी घातलीत आणि अडकलात तर सुटकेचा खर्च तुमच्याकडून वसूल करता येतो. कायद्याला लाडाने थेट 'मूर्ख' म्हणणारं राज्य आहे हे, आपल्याला इथेच घर घ्यायचं सुचलं त्यात नवल नाही.

गाडी फोर व्हील ड्राइव्ह घेतलीय ना? मग रस्ता सोडा. आजूबाजूला काळपट, खरबरीत, पापुद्र्यासारखी जमीन दिसेल, तिच्यावरून न्या, भाजलेला पापड मोडल्यासारखा मस्त आवाज येतो. ती जमीन जिवंत असते म्हणे. शेवाळ, दगडफूल आणि डोळ्यांना न दिसणारे जीव मिळून माती धरून ठेवतात, आणि एकदा मोडली की परत बसायला कित्येक दशकं लागतात. पण तुम्हाला यूटर्न मारायचा होता, तेव्हा ठीक आहे.

सवारो, तो हात वर केलेला मोठा निवडुंग, त्याला हॅमॉक बांधा. पहिला हात फुटायलाच पन्नास-पंचाहत्तर वर्षं लागतात त्याला, घाई काय आहे. १९८२ साली एक पठ्ठ्या बंदूक घेऊन सवारो पाडायला गेला होता, सवारोचा हात त्याच्याच अंगावर पडला आणि तो मेला. मी फक्त माहिती देतोय.

कासव दिसलं की उचलून मुलांच्या हातात द्या. घाबरून ते मुततं आणि उन्हाळ्यासाठी साठवलेलं पाणी सांडून बसतं, पण रील छान होतो.

खडकावर जुन्या लोकांनी काढलेली चित्रं असतील तर शेजारी आपलं आणि बायकोचं नाव कोरा. सिंहगडावर सवय झालेलीच आहे.

आता जरा नाजूक विषय. परसाकडे. या बाबतीत माझी खरंच मती गुंग होते. आपण टमरेल घेऊन जन्माला आलेली माणसं, आपल्या आज्या-पणज्यांना उघड्यावर जाऊन कोणाला वास येऊ न देणं जमत होतं, आणि आपण इथे येऊन काय शिकलो तर वेट वाइप्स. पाकीटभर. नियम साधा आहे, सहा ते आठ इंच खोल खड्डा, पाणी, पायवाट आणि तंबू या सगळ्यांपासून दोनशे फूट लांब, आणि कागद पिशवीत घालून परत घरी. यूटामधल्या मोआबच्या आसपास तर खड्डासुद्धा चालत नाही, सगळंच बांधून परत न्यावं लागतं, त्यासाठी आत पावडर घातलेल्या खास पिशव्या मिळतात. का, तर इथे पाणी नाही, ओल नाही, काही कुजत नाही. संत्र्याची साल महिनोन् महिने तशीच पडून राहते, आणि वेट वाइप हे बहुतेकदा प्लॅस्टिकच असतं, ते तुमच्या नातवाच्या लग्नापर्यंत टिकेल. शनिवारी सकाळी लेक म्हणाली बाबा त्या झुडपाला पांढरी फुलं आलीत. मी बघून आलो. फुलं नव्हती. एकूण अकरा झुडपं बहरली होती, आणि सगळ्यात जवळचं आमच्या तंबूपासून चाळीस पावलांवर, म्हणजे लांब गेलेच ते, फक्त स्वतःच्या तंबूपासून, आमच्या दिशेने. एकाने दगड ठेवला होता वर. दगड! मांजर उकरून पुरते हो. मांजर. तिला कोणी एमएस केलेलं नाही.

(गोरे लोक काही धुतल्या तांदळासारखे नाहीत, आरव्हीची, म्हणजे चाकांवरच्या घराची, संडासाची टाकी रात्रीच्या अंधारात वाळूत सोडणारे महाभाग पण आहेत आणि जुने टीव्ही आणून त्यांच्यावर गोळ्या झाडून काचा तशाच टाकून जाणारे पण. त्यांच्याबद्दल त्यांच्यातलं कोणीतरी लिहील.)

जनरेटर हवाच. फ्लॅगस्टाफ हे २००१ मधे जगातलं पहिलं डार्क स्काय शहर, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारं शहर, ठरलं, लोक तारे बघायला विमानाने येतात इकडे, तेव्हा आपण पांढरी चादर ताणून प्रोजेक्टर लावायचा. आणि स्पीकर. गणपती विसर्जनाची अख्खी प्लेलिस्ट, फेब्रुवारीत, बाप्पा पण दचकला असेल.

तर रात्री अकराला मी गेलो त्यांच्याकडे. बायको म्हणाली जाऊ नका, भांडण होईल. मी म्हटलं इंग्रजीत भांडेन, इंग्रजीत मला राग आवरता येतो. गेलो, "एक्स्क्यूज मी" म्हटलं, तर एकजण वळून म्हणाला, "अरे, तुम्ही मराठी ना? तुमच्या मुलीला हाक मारताना ऐकलं! या की, बसा, वहिनींना पण बोलवा, मिसळ आहे." आणि खरंच मिसळ होती. तर्री वेगळी, फरसाण वेगळं, लिंबू कापलेलं. त्यांच्यातल्या एक काकू, कोणाच्यातरी आई असाव्यात, महिन्याभरासाठी आल्या होत्या, त्यांनी माझ्या लेकीच्या कानाला आपला स्कार्फ बांधला, थंडी फार आहे गं म्हणाल्या. मग शेकोटीभोवती भाजलेल्या शेंगा आल्या. जनरेटर साडेबाराला बंद झाला आणि मी तोपर्यंत त्याच्याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. मिसळ खाल्ल्यावर काय बोलणार? म्हणून आज लिहितोय. भेकडपणा आहे, मान्य.

पुढचा सल्ला, फोटो टाकताना लोकेशन टाका. अगदी पिन. इथल्याच सेडोना गावाच्या पश्चिमेला असंच पिन टाकून टाकून इतकी गर्दी झाली, इतका कचरा झाला, की आता फॉरेस्ट सर्व्हिसने ठरवून दिलेल्या जागा सोडून बाकी ठिकाणी तिथे राहता येत नाही. क्वार्टझाइट गावाजवळ ला पोसा म्हणून बीएलएमचीच जागा आहे, थंडीत सगळे रिटायर्ड आजी-आजोबा आरव्ही घेऊन तिकडे मुक्कामाला येतात, १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल, सीझनचे पैसे भरून. काही वर्षांपूर्वी तिथल्या एका आजोबांनी मला बादली आणि चिमटा दाखवला होता, रोज सकाळी चालायला जाताना घेऊन जातात, ज्याने टाकलं त्याला शिव्या देत देत उचलतात. मला तेव्हा हसू आलं होतं.

आणि शेकोटी. शेकोटीबद्दल सल्ला असा की लाकूड घरून आणू नका, तिथलंच तोडा. पालो वेर्दे नावाच्या झाडाची हिरवी फांदी मोडा, जळत नाही, नुसता धूर होतो, पण मोडा. आयर्नवूड दिसलं तर अजून चांगलं, ते झाड शेकडो वर्षं जगतं, एका रात्रीत संपवायला मजा येते. शेकोटीत बाटल्या टाका, अ‍ॅल्युमिनियम फॉइल टाका, डायपर टाका, सगळं जळतं असं समजा. आणि निघताना वरून थोडी माती लोटली की झालं. इथली झाडं आगीला सरावलेली नाहीत, सवारो जळाला की गेला, आणि त्यात इकडे आता परदेशी गवत माजलंय, उन्हाळ्यात ते वाळतं आणि काडीसारखं पेट घेतं. २०२० मधे बुश फायर म्हणून आग लागली, एका गाडीने पेट घेतला तिथून, १ लाख ९० हजार एकरांच्या वर गेली, त्यात सवारो किती गेले ते तिकडून जाताना आजही दिसतं. २०१७ मधे ग्रीन व्हॅलीजवळ एकाने पोटातलं बाळ मुलगा की मुलगी हे जाहीर करायला बार उडवला, ४७ हजार एकर जळालं. मुलगा होता. अभिनंदन.

रविवारी दुपारी एक वाजता तुम्ही गेलात. हात हलवत गेलात, काकूंनी लेकीचा पापा घेतला. तासाभराने वारा सुटला आणि लेक म्हणाली, बाबा, ते काका चहा ठेवूनच गेले का? धूर येत होता. माती लोटलेली होती ना वरून, खाली निखारे लालबुंद होते, आणि चार फुटांवर वाळकं गवत. मी आमचं पिण्याचं पाणी ओतलं. वाळवंटात माणशी रोजचं एक गॅलन धरतात, आम्ही तिघांसाठी मोजून आणलेलं, त्यातलं राहिलेलं जवळजवळ सगळं त्या राखेत गेलं, ढवळलं, परत ओतलं, हात लावून बघितला, तेव्हा थंड झाली. पाणी संपलं म्हणून आमची रविवारची रात्र रद्द. लेक रडत गाडीत बसली. तिला धनू रास बघायची होती पहाटे उठून, मी वर्षभर सांगत होतो.

अरे, कळत कसं नाही तुम्हाला? तुम्ही काही अडाणी नाही. घरी पाहुणा आला की बूट बाहेर काढायला लावता, कार्पेटवर चहाचा थेंब पडला तर चेहरा पडतो तुमचा. सुट्टीत गावी गेलात की काका-मामांना ऐकवता, अमेरिकेत ना कोणी कागदाचा कपटा टाकत नाही. टाकतात की. तुम्ही टाकता. भाड्याच्या केबिनमधे गेलात तर डिपॉझिट कापतील म्हणून भांडी घासून, कचरा बांधून निघता, मी पाहिलंय, आणि इथे डिपॉझिट नाही, मालक दिसत नाही, तर डायपर शेकोटीत? उद्या इथे पण सेडोनासारखी पाटी लागली की तुम्हीच म्हणणार, काय हे, आता सगळीकडे पैसे लागतात आणि बुकिंग मिळत नाही. तिथे आपली पोरं घेऊन जायचंय ना अजून? मग पंधरा मिनिटं वाकून उचलायला काय होतं? पाठ मोडते?

टिळकांची शेंगांची गोष्ट लहानपणी सगळ्यांनी ऐकलीय. मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही. मला ते पण म्हणता येईना, कारण शनिवारी रात्री तुमच्याच शेकोटीपाशी बसून मी मूठमूठभर खाल्ल्या होत्या. म्हणून बायको आणि मी उचलत बसलो, अंधार पडेपर्यंत, वाळूतून एकेक, चार पिशव्या झाल्या. वाइप्स पण उचलले. त्याचं वर्णन करत नाही.

एका झुडपामागे स्टीलचं पातेलं सापडलं, मिसळीचंच असावं. त्यावर नाव कोरलेलं आहे, आडनाव पण आहे, कोणाच्यातरी लग्नाची तारीख पण आहे. इथे लिहीत नाही. घासून गॅरेजमधे ठेवलंय. ज्यांचं आहे त्यांनी येऊन घेऊन जावं, चहा पाजीन. टरफलांची पिशवी पण तिथेच ठेवलीय, तीही न्यायची आहे.