हँडल बदला, पण केबलसकट बदला

मोटारसायकलचं हँडल बदलायला माझी ना नाही. ज्याचा निम्मा दिवस गाडीवर जातो, त्यानं कंपनीनं दिलेलं हँडलच जन्मभर धरून बसावं असं कुठं लिहिलंय? सहा फुटी माणूस आणि सव्वापाच फुटी माणूस एकाच हँडलवर सारखे आरामात बसूच शकत नाहीत. माझा राग आहे अर्धवट कामावर. आणि सध्या आमच्या लातूर-बीड-धाराशिव पट्ट्यात हँडलचं काम बहुतेक ठिकाणी अर्धवटच होतंय.

आधी क्लिपऑन हँडलबद्दल बोलतो. पोरं साध्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला ते बसवायला लागलीत. त्यात एकसलग नळी नसते. दोन वेगळे तुकडे थेट पुढच्या शॉकअपच्या नळ्यांना आवळलेले असतात. ही रचना मुळात रेसच्या गाड्यांची. गाडी शंभरच्या बरीच पुढं पळते तेव्हा समोरचं वारं छातीला उचलून धरतं आणि मनगटावरचं ओझं हलकं होतं. औसा-निलंगा रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागं चाळीसच्या स्पीडनं चालताना ते वारं कुठून आणणार? सगळ्या धडाचा भार तळहातावर येतो. त्यात फूटरेस्ट जिथल्या तिथंच, म्हणजे पाय पुढं आणि हात खाली. कंबर दुमडते, आणि घरी पोहोचेपर्यंत करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या आलेल्या असतात. विशी-बाविशीत ते जाणवत नाही, म्हणून हे फॅड चालतं.

अशा आखूड हँडलचा आणखी एक त्रास आहे. हँडल जितकं रुंद तितकं वळवायला हलकं, हा साधा तरफेचा हिशोब. मागं डीएपीचं पन्नास किलोचं पोतं बांधलंय, पाऊस पडून गेलाय, पांदीतल्या काळ्या मातीत पुढचं चाक सरकतंय, अशा वेळी गाडी सावरायला जोर लागतो, आणि तो रुंद हँडलच देतं. आपल्याकडच्या दुधवाल्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही. कॅन लावलेल्या गाडीला आखूड हँडल तुम्ही कधी पाहिलंय का?

म्हणून माझं मत उंच आणि रुंद हँडलच्या बाजूनं आहे. फार उंच नको, हात खांद्याच्या खालीच राहिले पाहिजेत. पण खरा घोटाळा याच हँडलला होतो.

मागच्या उन्हाळ्यात भाच्यानं असं हँडल बसवून आणलं. दिसायला झकास, बसायलाही खरंच चांगलं. मी म्हणालो, गाडी डबल स्टँडवर लाव, चालू कर आणि हँडल डावीकडं पार टोकापर्यंत वळव. वळवलं तशी इंजिनची रेस आपोआप चढली.

"मामा, मी तर एक्सिलेटरला हातपण लावला नाही!"

तेच सांगतोय, म्हटलं. हँडल उंच झालं, पण केबल जुन्याच मापाची. डावीकडं वळलं की उजवी मूठ पुढं जाते, केबल ताणते आणि रेस ओढली जाते. लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारगर्दीत पहिल्या गिअरमध्ये कोपऱ्यावर वळताना गाडीनं अशी उडी घेतली तर समोर भाजी घेणारी माणसं असतात. उजवीकडं वळवलं तर क्लचची केबल ताणली, लिव्हरला जो थोडा ढिलेपणा लागतो तो गेला, म्हणजे प्रत्येक उजव्या वळणाला क्लच अर्धवट दाबलेला. डिस्क ब्रेकचा पाईप तर बोल्टपाशी वाकून पांढरा पडला होता. ज्यानं काम केलं त्याला हे दिसलं नसेल असं मला वाटत नाही. लांब केबल मागवायची तर दोन दिवस थांबावं लागतं, आणि गिऱ्हाईक थांबायला तयार नसतं.

आपल्या वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे. तिथून निघणाऱ्या गाडीची प्रत्येक केबल त्या हँडलच्या मापानं कापलेली असते. माप बदललं की केबल बदलायची, यात वाद घालण्यासारखं काही नाही. ब्रेकचा पाईप लांब घेतला तर बोल्टवरचे तांब्याचे वॉशर नवेच टाकायचे, मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीच्या, झाकणावर लिहिलेलंच ऑइल भरायचं आणि पाईपातली सगळी हवा काढायची. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे, त्यामुळं अशा गाडीच्या ब्रेकला हात लावणारा माणूस जाणकारच पाहिजे. स्विचच्या आतल्या बाजूला एक बारीक खुंटी असते, तिच्यासाठी नव्या हँडलला छोटं भोक पाडावं लागतं. काहीजण ते टाळायला खुंटीच घासून टाकतात, मग अख्खा स्विच मुठीबरोबर फिरायला लागतो. आणि जुन्याच हँडलला वेल्डिंग मारून उंची वाढवण्याचा प्रकार तर बंदच झाला पाहिजे. बहुतेक हँडल २२ मिलिमीटरची पोकळ नळी असते. खड्ड्यात तिचा टाका सुटला तर हातात काय राहतं याचा विचार करा.

कायद्याचंही बघून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या फेरफारांवर बंधनं आहेत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफाराला प्रत्येकी पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंतची कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विम्याच्या कागदावर काय लिहिलंय तेही वाचा.

बऱ्याच जणांना तर हँडल बदलायची गरजच नसते. पाठ दुखते म्हणून आलेल्या कितीतरी लोकांना मी आधी एवढंच करायला सांगतो: हँडलचे बोल्ट ढिले करून ते जरासं आपल्याकडं फिरवा, आणि क्लच-ब्रेकच्या लिव्हर अशा ठेवा की बोटं टेकवल्यावर मनगट सरळ राहील. पान्ह्याचं दहा मिनिटांचं काम, खर्च शून्य. आठ दिवस तशी चालवून बघा.

तरीही बदलायचंच असेल तर पैसे देण्याआधी दुकानासमोरच गाडी चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवा. रेस जागची हलता कामा नये, मूठ टाकीला लागता कामा नये, क्लचला ढिलेपणा पाहिजे. "चालतंय की, सगळे असंच चालवतात" असं उत्तर आलं तर गाडी तिथंच ठेवा आणि लांब केबल येईपर्यंत एसटीनं जा.