‘नुसता फॉरमॅट मारून दे’ म्हणे!

“अगं, जुना लॅपटॉप पडलाय घरात, कामाच्या मावशींच्या मुलीला देऊन टाकू. तू नुसता फॉरमॅट मारून दे. तुला काय, दहा मिनिटांचं काम!”

हे ऐकून ऐकून कान किटलेत माझे. काका म्हणतात, मामा म्हणतो, आत्या म्हणते, आणि ज्यांनी आजवर जिन्यात कधी ओळखसुद्धा दाखवली नाही ते दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थही म्हणतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणजे मायक्रोसॉफ्टने नेहमीचे अपडेट देणं थांबवलं, तेव्हापासून तर नुसता ऊत आलाय. सगळ्यांची कपाटं रिकामी होतायत, सगळ्यांना दानधर्म सुचतोय आणि रविवार माझे जातायत. आयजीच्या जिवावर बायजी उदार!

बरं, वस्तू देतात तरी कशी? साडीच्या दुकानाच्या पिशवीत कोंबून. झाकणावर दोन-तीन दसऱ्यांचं हळदकुंकू थरावर थर, बिजागरीत झेंडूची वाळकी पाकळी. स्पेसबार दबेना म्हणून उचलून बघितला, तर खाली शेव! आणि चार्जर? “तो मी नव्याला वापरतोय गं, तू बघ ना कुठे मिळतो का.” मिळतो ना काका, लॅमिंग्टन रोडला हवे तेवढे मिळतात. पण पिन जुळायला हवी, व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर कमी असून चालत नाहीत, आणि पैसे कोण देणार? असं विचारलं की मलाच ऐकवतात, धर्माच्या गायी आणि दात का गं नाही! अहो, दात कोण मागतंय, मी चारा मागतेय.

मग पासवर्ड. “तो चिरंजीवांनी टाकला होता.” चिरंजीव टोरंटोला, तिथे मध्यरात्र. तो उठून पासवर्ड पाठवणार तेव्हा कुठे आत शिरायचं. आणि आत काय? आधार, पॅन, नोकरीभरचे फॉर्म १६, काकूंच्या सोनोग्राफीचे रिपोर्ट, ‘न्यू फोल्डर’मध्ये ‘न्यू फोल्डर’, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेलं बँकेचं लॉगिन. वर डेस्कटॉपवर ‘पासवर्ड्स’ नावाची नोटपॅडची फाइल. हे असंच्या असं दुसऱ्याच्या घरी पाठवायला निघाला होतात?

“नाही गं, बाकीचं मी डिलीट केलंय. रिसायकल बिनसुद्धा रिकामी केली.” अहो, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर डिलीट म्हणजे फक्त अनुक्रमणिकेतली नोंद खोडली जाते. मजकूर असतो तिथेच, त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. फुकटचं रिकव्हरी सॉफ्टवेअर टाकून अकरावीतलं पोरगंसुद्धा तो वर काढेल. क्विक फॉरमॅटचीही तीच कथा. म्हणून रिसेट करताना ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’वर न थांबता ‘क्लीन डेटा’ चालू करावं लागतं, आणि एक टीबीची डिस्क असली की ते तासन् तास चालतं. कुठली दहा मिनिटं! एसएसडीचं, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपवर साठवणाऱ्या नव्या डिस्कचं, तंत्र निराळं, तिथे सिक्युअर इरेज ही पुसायची खास आज्ञा द्यायची. पण हे ऐकून घ्यायला थांबतंय कोण?

मामाच्या लॅपटॉपचं तर विंडोजच उघडेना. म्हटलं चला, सरळ पुसून टाकू. तेवढ्यात फोन : “त्यात मुंजीचे फोटो आहेत हं, तेवढे काढून ठेव.” डिस्क काढून दुसरीकडे लावली तर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, समोर उभं, ४८ आकडी रिकव्हरी की द्या. ती असते मामाच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये. अकाउंटचा पासवर्ड मामा विसरलाय, आणि कोड ज्या नंबरवर जातो ते सिम त्याने केव्हाच बंद केलंय. “तू काहीतरी जुगाड कर ना!” जुगाड होत नाही म्हणून तर त्याला एन्क्रिप्शन म्हणतात रे मामा.

पण सगळ्यात डोक्यात जातात ते ‘ऑफिसने स्वस्तात दिलेले’ लॅपटॉप. अख्खं विंडोज नव्याने टाका, ड्रायव्हर बघा, वायफाय जोडा, आणि पडद्यावर काय? अमुक कंपनीत तुमचं स्वागत आहे, ऑफिसच्या ईमेलने साइन इन करा. यंत्राची ओळखच ऑटोपायलट या मायक्रोसॉफ्टच्या सेवेत कंपनीच्या यादीत नोंदलेली असते. डिस्क बदला, शंभरदा फॉरमॅट मारा, नेट जोडलं की पाहुणे पुन्हा दारात. ती नोंद फक्त कंपनीची आयटीवाली मंडळीच काढू शकतात. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना म्हटलं, एक मेल टाका. तर म्हणाले, “आता मी तिथे नाही, बरं दिसत नाही.” मग लॅपटॉप आणताना बरं दिसलं? मॅकबुकवाल्यांचंही तेच. ‘फाइंड माय’ ही हरवलेलं यंत्र शोधायची सोय बंद न करता देतात, मग अ‍ॅक्टिव्हेशन लॉक, म्हणजे जुन्या मालकाच्या आयडीशिवाय यंत्र सुरूच होत नाही, आणि मी त्यांच्या आयडीमागे वणवण. स्वतः साइन आउट करायला दोन मिनिटं लागतात हो, दोन! पण नाही, ती दोन मिनिटं यांना जड.

आणि हे सगळं पार पडल्यावर काका विचारतात, “विंडोज ११ टाकलंस ना?” सातव्या पिढीच्या आय-फाइव्हला ते अधिकृतपणे चालतच नाही, आठवी पिढी लागते, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टिम टाकली, चांगली पळतेय. तर नाक मुरडून म्हणाले, “ते फुकटवालं? आणि माझं एमएस ऑफिस कुठे गेलं?” तुमचं ऑफिस क्रॅक मारलेलं, म्हणजे परवान्याशिवाय अ‍ॅक्टिव्हेटर नावाच्या प्रोग्रॅमने चालू केलेलं होतं काका. तो अ‍ॅक्टिव्हेटर अँटिव्हायरस बंद करून बसवलेला होता. मी त्याऐवजी लिबरऑफिस हे मोफत ऑफिस टाकलंय, मराठी टायपिंग चालू करून दिलंय, बॅटरी अर्धा तासही टिकत नाही हे त्या मुलीला स्पष्ट सांगितलंय. तुम्ही तर तिला ‘दोन तास आरामात’ म्हणाला होतात.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो. काका लॅपटॉप देतायत, मुलगी घेतेय, खाली ‘समाजाचे ऋण’, आणि त्याखाली हात जोडलेल्यांची रांग. लगेच तिसऱ्या मजल्यावरून एक मेसेज : “आमच्याकडेही एक पडलाय, कोणाकडे द्यायचा?” काकांनी तिथल्या तिथे माझा नंबर टाकला. मला न विचारता!