काळी शाई पिणारे विषय

एमएस्सीच्या विशेषीकरणाचा विषय निवडायचा फॉर्म दोन प्रतींत, तोही पाठपोट झेरॉक्स करून द्यायचा असतो, हे ऑफिसच्या खिडकीवर पोहोचल्यावरच कळतं. म्हणून मी विद्यापीठासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात रांगेत उभी होते. काकांनी फॉर्म काचेवर टाकायच्या आधी वाचला. वाचायचं काहीएक कारण नव्हतं. वाचून माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागच्या रांगेकडे पाहिलं आणि शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "पहिलं इम्युनो, दुसरं न्यूरो! घरी विचारलंय का, ताई?"

रांग हसली. दोन तर माझ्याच वर्गातले होते.

"काका, तुम्हाला काय माहीत इम्युनोचं?"

"मला काय माहीत असणार? मी बारावी कॉमर्स. पण सगळ्यांच्या प्रबंधांचं बाइंडिंग माझ्याकडेच होतं ना."

आता इथे विभागाबद्दल एक शब्द. बायोमेडिकल सायन्सच्या एमएस्सीत दुसऱ्या सत्राच्या शेवटी विषय निवडायचा, तिसऱ्या सत्रात तो शिकायचा आणि चौथ्यात त्यातच डेझर्टेशन, म्हणजे छोटा प्रबंध, करायचं. माहितीपत्रकात इम्युनॉलॉजी (रोगप्रतिकारशक्तीचं शास्त्र), न्यूरोबायोलॉजी (मेंदू आणि चेतापेशींचं), मॉलिक्युलर जेनेटिक्स, मेडिकल मायक्रोबायोलॉजी, टॉक्सिकॉलॉजी, बायोइन्फर्मॅटिक्स (जीवशास्त्राचा डेटा संगणकावर) अशी नावं, प्रत्येकाखाली घटकांची यादी आणि शेवटी एक ओळ : 'विद्यार्थ्यांनी आपल्या आवडीनुसार निवड करावी.' संपलं मार्गदर्शन. त्या मानाने कॉमर्सवाल्या काकांकडे वर्षानुवर्षांची नोंद होती.

"मायक्रोवाले मेच्या पहिल्या आठवड्यात येतात," झाकण एका हाताने वर धरून ते सांगू लागले. मशीनचा हिरवा उजेड खालून त्यांच्या चेहऱ्यावर पडत होता, त्यामुळे सगळंच जरा आकाशवाणीसारखं वाटत होतं. "हसत येतात. चहा पिऊन जातात. जेनेटिक्सवाले दोन-चार दिवस मागे. इम्युनोवाले शेवटच्या दिवशी, संध्याकाळी साडेपाचला. न्यूरोवाले मुदतवाढ मिळाल्यावर. आणि टीबीवाला..." इथे त्यांनी छताकडे पाहिलं. "टीबीवाला ऑगस्टात आला होता. पावसात. पेनड्राइव्ह प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून."

"असं का पण?" मागून कोणीतरी विचारलं. माझी प्रत अजून निघालेली नव्हती.

"जीव, बाळा. ज्याचा जीव लवकर वाढतो, तो लवकर सुटतो."

माझी चीड इथेच आहे. हे वाक्य शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे, आणि ते आम्हाला एकाही प्राध्यापकाने सांगितलेलं नाही. ई. कोलाय हा जिवाणू चांगल्या पोषक माध्यमात साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो. संध्याकाळी प्लेट लावली की सकाळी वसाहती मोजायला तयार. प्रयोग फसला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. क्षयाचा जिवाणू दुप्पट व्हायला १५ ते २० तास घेतो आणि एलजे नावाच्या त्याच्या खास माध्यमावर डोळ्यांना दिसायला तीन ते सहा आठवडे. म्हणजे जानेवारीत सुरू झालेल्या सत्रात दोनदा प्लेट खराब झाली की परीक्षा समोर. प्रयोगशाळेत वाढवतात त्या मानवी हीला पेशींना दुप्पट व्हायला जवळपास एक दिवस लागतो, हे त्या मानाने बरं. पण त्यात मायकोप्लाझ्मा हा जिवाणू शिरला तर महिन्याभराचं काम सिंकमध्ये. पेनिसिलिन हल्ला करतं जिवाणूच्या पेशीभित्तिकेवर आणि त्याला तीच नसते, त्यामुळे माध्यमात नेहमी घालतात ते पेनिसिलिन त्याच्यावर चालत नाही. आकाराने इतका लहान आणि लवचीक, की ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटतो. माध्यम गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही, पेशी फक्त उदास दिसतात.

इम्युनॉलॉजीचं गणित आणखी वेगळं. उंदीर लागणार, म्हणजे आधी संस्थेच्या प्राणी नीती समितीची मंजुरी. समितीची बैठक अधूनमधून होते, तुमचं सत्र सुरू झालं म्हणून होत नाही. मंजुरी मिळाली तर उंदीर साधारण सहा ते आठ आठवड्यांचे हवेत. ते आले की आठवडाभर त्यांना नव्या जागेत रुळू द्यायचं. मग पहिलं टोचण, दोन-तीन आठवड्यांनी बूस्टर, त्यानंतर आठवडा-दहा दिवसांनी रक्त. एलायझाच्या, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडी मोजायच्या चाचणीच्या, ९६ खळग्यांच्या प्लेटपर्यंत पोहोचायलाच दीड महिना. त्या प्लेटच्याही कडेच्या खळग्यांतलं पाणी इनक्युबेटरमध्ये लवकर उडतं आणि तिथले आकडे भलतेच येतात, म्हणून जाणते लोक कडा नुसत्या बफर द्रावणाने भरतात आणि मधल्या ६० खळग्यांवर भागवतात. न्यूरोत गर्भवती उंदरीण लागते. १८ दिवसांच्या गर्भातून चेतापेशी काढायच्या, त्या विभाजित होत नाहीत, त्यांच्या जोडण्या पक्क्या व्हायला दोन-तीन आठवडे, आणि बुरशी आली की पुढची उंदरीण. हे सगळं 'आवडीनुसार' या शब्दात बसवलेलं आहे.

"आता रंगाचं बघा," काका थांबायला तयार नव्हते. माझा फॉर्म काचेवर पालथा पडला होता. "न्यूरोवाल्यांचे फोटो. मध्ये दोन हिरव्या रेषा, एक निळा ठिपका, बाकी पान काळंठिक्कर. एका डेझर्टेशनला काळी शाई किती जाते माहितीये? मी त्यांना पानाला जास्त लावतो. लावणारच. इम्युनोवाल्यांचे ते ठिपके-ठिपके, चार चौकोनांत, रंगीत. तेही महाग. ब्लॉटवाले स्वस्त, करड्या कागदावर काळ्या पट्ट्या. पण ते दहा वेळा येतात. पट्टी नीट दिसत नाही म्हणतात, गडद करा म्हणतात. मी कशी गडद करू? मशीनवर बटण आहे म्हणून?"

काकांनी गडद करू नये. ब्लॉट म्हणजे कागदासारख्या पटलावर अँटिबॉडीने प्रथिन शोधायचं, ते पट्टी होऊन दिसतं. ब्लॉटची पट्टी झेरॉक्सच्या बटणाने गडद करणं आणि संगणकावर करणं, यात नैतिक फरक काही नाही. आणि पट्टी फिकी किंवा गलिच्छ येण्याचं कारण बऱ्याचदा दूध असतं. पटलावरची मोकळी जागा झाकायला ५ टक्के स्किम्ड मिल्क वापरतात, १०० मिलीला ५ ग्रॅम. बहुतेक प्रथिनांना ते चालतं. पण फॉस्फेट लागलेलं प्रथिन शोधायचं असेल तर दुधातलं केसिन स्वतःच फॉस्फेटने भरलेलं असतं, अँटिबॉडी त्यालाही चिकटण्याची भीती, मग सगळं पटल काळवंडतं. तिथे बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन, वापरायचा. तो दुधाच्या पावडरीपेक्षा कितीतरी महाग, म्हणून गाइड म्हणतात, "आधी दुधाने करून बघ." करून बघण्यात आठवडा जातो. प्रयोगशाळेतली दुधाची पावडर अधूनमधून आपोआप का कमी होते, हा वेगळा शोधनिबंध आहे. त्या कपाटातल्या कशाचाही चहा पिऊ नये एवढं सांगते.

रांगेत जातवैधता प्रमाणपत्राच्या प्रती काढायला आलेले एक गृहस्थ होते. ते इतका वेळ शांतपणे ऐकत होते. आता पुढे झाले. "हे करून पुढे एमबीबीएस होता येतं का?"

"नाही, काका."

"मग पेशंट तपासता येतात?"

"नाही."

"बरं." थोडा विचार केला. "मग लग्नात काय सांगतात?"

या प्रश्नावर झेरॉक्सवाल्या काकांनी पहिल्यांदा माझी बाजू घेतली. "बायोइन्फो सांगायचं," ते म्हणाले. "कॉम्प्युटर म्हटलं की लोक गप्प बसतात. त्यांचं बरंय. उंदीर नाही, दूध नाही. रात्री बाराला पीडीएफ मेल करतात, सकाळी बाइंडिंग नेतात." हेही अर्धंच खरं. डेटा दुसऱ्याचा असतो, आणि ज्याने तीनऐवजी एकच नमुना घेऊन आरएनए वाचून ठेवला, त्याचं पाप तुमचा संगणक धुऊ शकत नाही. पण शाई वाचते, हे मान्य.

आणि एवढा जीव काढून निवडलेल्या विषयाचं पुढे काय होतं? पीएचडीसाठी सीएसआयआर-यूजीसी नेटची लाइफ सायन्सेसची परीक्षा द्यायची. २०० गुण, तीन तास, १३ घटक. इम्युनॉलॉजी चौथ्या घटकाचा एक तुकडा, तोही पेशींच्या संवादाच्या आणि कर्करोगाच्या शेजारी बसवलेला. वनस्पतींच्या शरीरक्रियेला मात्र अख्खा सहावा घटक. परिसंस्थेला दहावा. तिसऱ्या भागात ७५ प्रश्नांतून २५ सोडवायचे, बरोबर आलं तर ४ गुण, चुकलं तर एक वजा. म्हणजे दोन सत्रं रोगप्रतिकारक टी-पेशींच्या मागे घालवायची आणि परीक्षेत मका-उसासारख्या सी-४ वनस्पतींच्या पानांत कार्बन कसा पकडला जातो ते लिहायचं. गेट या दुसऱ्या परीक्षेच्या लाइफ सायन्सेसला जावं तर रसायनशास्त्र सक्तीचं. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७,००० आणि वर घरभाडं. नेटच्या अर्जात तुमचं विशेषीकरण काय, याने एक गुणही इकडचा तिकडे होत नाही.

कुणी खरंच विचारलं तर मी म्हणेन, विषयाचं नाव सोडा, प्रयोगशाळा बघा. तिथल्या पीएचडीवाल्यांना जेवणाच्या सुट्टीत गाठून विचारा की मागवलेली अँटिबॉडी यायला किती आठवडे लागतात, पेशी एकेक करून मोजणाऱ्या सायटोमीटरचे सगळे लेझर चालू आहेत का, आणि प्राण्यांची मंजुरी गाइडकडे आधीपासून आहे की तुमच्या नावाने नव्याने काढायची आहे. मागच्या तीन वर्षांची डेझर्टेशन ग्रंथालयात असतात. निष्कर्ष वाचू नका, सादर केल्याची तारीख वाचा.

काकांनी शेवटी प्रती दिल्या. एक सरळ, एक उलटी. मागचं पान डोक्यावर उभं. खिडकीवरच्या बाईंनी ती तशीच घेतली, शिक्का मारला आणि सांगितलं की प्राधान्यक्रम भरायचा तो नियमाप्रमाणे, वाटप पहिल्या दोन सत्रांच्या गुणांवर होतं, इम्युनोच्या जागा वरच्यांनीच भरतात. यादीत खालच्यांना जे उरेल ते. मग त्याच उरलेल्या विषयाची पदवी घेऊन कुठल्याही संस्थेत मुलाखतीला बसलं, की समितीतले सर्वांत ज्येष्ठ सर चष्मा पुसतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "हाच विषय निवडावासा का वाटला?"