कॅमशाफ्टसाठी अख्खं इंजिन उतरवावं लागतं? थांबा जरा

‘कॅमशाफ्ट बदलायचा म्हणजे इंजिन खाली उतरवावंच लागते, भाऊ’ असा एक मेसेज सध्या नागपुरातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. सरसकट हे खरं नाही. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनमधले व्हॉल्व्ह उघड-बंद करणारा दांडा.

आजच्या बहुतेक गाड्यांत तो हेडवरच, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातच असतो. टॅपेट कव्हर, म्हणजे हेडवरचं झाकण, उघडलं की समोर दिसतो. टायमिंगची खूण (कॅमशाफ्ट आणि क्रँकशाफ्टचा मेळ दाखवणारी) जुळवायची, शाफ्ट फिरवणारी चेन किंवा बेल्ट सोडवायचा, शाफ्ट धरून ठेवणाऱ्या कॅप काढायच्या, शाफ्ट वर उचलायचा. कॅपचे बोल्ट मात्र ठरलेल्या क्रमाने, थोडेथोडे ढिले करायचे. एकच बाजू आधी सोडली तर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगच्या दाबाने शाफ्ट वाकतो, कधी मोडतोही. आडव्या बसवलेल्या इंजिनात एखादं माउंटिंग, म्हणजे इंजिन बॉडीला धरणारा आधार, काढून खाली जॅक लावावा लागतो. त्याला इंजिन उतरवणं म्हणत नाहीत!

जुन्या अँबॅसेडरचं वेगळं. तिचा कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, इंजिनच्या मुख्य धडात, म्हणजे रेडिएटर काढून शाफ्ट पुढून ओढायचा. अफवा बहुधा अशाच गाड्यांच्या या मोठ्या कामावरून निघाली असावी.

जोडणी झाल्यावर सेल्फ मारण्याआधी क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) पान्याने दोन फेरे हाताने फिरवा. कुठे अडकला तर जोर लावू नका, टायमिंग पुन्हा तपासा.