“एकही स्नायू न कापता खुबा बदलतात”: हा दावा कुठं बरोबर, कुठं चूक

खुब्याच्या सांधेरोपणाबद्दल एक मजकूर सतत पुढं पाठवला जातो. त्यात म्हटलेलं असतं की आता पुढून ऑपरेशन करतात, त्यात एकही स्नायू कापत नाहीत. म्हणून सांधा निखळत नाही, पथ्यं (बसण्या-वाकण्याची बंधनं) नसतात, आठवड्यात माणूस पूर्वीसारखा चालतो आणि धोकाही कमी. मागून केलं तर मात्र चालण्याचे स्नायू तुटतात आणि जन्माचं लंगडणं मागं लागतं. शेवटी सल्ला असतो, तुमचे सर्जन मागून करणार असतील तर सर्जन बदला.

यातलं थोडं खरं आहे, बरंच अर्धवट आहे आणि शेवटचा सल्ला तर रुग्णाचं नुकसान करणारा आहे.

“एकही स्नायू कापत नाहीत”

पुढच्या वाटेनं, म्हणजे डायरेक्ट अँटिरिअर पद्धतीत, आत शिरताना खरोखरच स्नायू कापत नाहीत. बाहेरच्या अंगाला टेन्सर फॅशिया लाटा, आतल्या अंगाला सार्टोरियस, या दोन स्नायूंच्या फटीतून जायचं. खालचा रेक्टस फेमोरिस हा स्नायू आत सारला की सांध्याचं आवरण दिसतं. फटीत आडव्या येणाऱ्या रक्तवाहिन्या नीट बंद कराव्या लागतात. तिथं घाई केली तर रक्तस्राव तिथूनच होतो. आवरण उघडलं, मांडीचं हाड त्याच्या मानेपाशी कापलं, वरचा गोळा बाहेर काढला की खुब्याची वाटी अगदी समोर असते. इथपर्यंत दावा बरोबर.

खरी अडचण मांडीच्या हाडाची. त्याच्या पोकळीत कृत्रिम सांध्याचा दांडा सरळ बसवायचा, तर हाडाचं कापलेलं टोक जखमेच्या तोंडाशी वर यायला हवं. त्यासाठी पाय मागं झुकवतात, बाहेर वळवतात आणि दुसऱ्या पायाच्या दिशेनं आत नेतात. एवढं करूनही टोक पुष्कळदा वर येत नाही, कारण मागचं आवरण आणि खुबा बाहेर वळवणाऱ्या छोट्या स्नायूंच्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे पट्टे) त्याला मागं ओढून धरतात. मग ग्रेटर ट्रोकँटरच्या, म्हणजे बाजूला हाताला लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्याच्या, आतल्या बाजूनं आवरण सोडवायचं. तेवढ्यानं भागलं नाही तर कंडराही सोडवायच्या.

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा मृतदेहांवर एका बाजूला पुढून आणि दुसऱ्या बाजूला मागून सांधेरोपण करून स्नायू तपासले. पुढून केलेल्या खुब्यांपैकी निम्म्यांत या छोट्या स्नायूंपैकी पिरिफॉर्मिसची कंडरा किंवा तिच्या शेजारची जोडकंडरा तोडावी लागली होती. टेन्सरचा सरासरी ३१ टक्के भाग दुखावला होता. ग्लुटियस मिनिमस हा नितंबाचा स्नायू मात्र पुढून कमी दुखावला, ८ टक्के. मागून १८ टक्के. देह सहाच होते, त्यामुळे हे आकडे कुणा एका रुग्णाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण “एकही स्नायू नाही” हे शब्द त्यात टिकत नाहीत. सुरीनं कापला नाही तरी जखम उघडी धरणाऱ्या रिट्रॅक्टरच्या ताणाखाली स्नायू चेंगरतो आणि ब्रोच (हाडाची पोकळी कोरणारं हत्यार) आत-बाहेर करताना घासला जातो.

आणखी एक गोष्ट त्या मजकुरात कधीच नसते. मागून ऑपरेशन करताना ज्या कंडरा सोडवतात त्या शेवटी परत शिवतात. पुढून सोडवलेल्या कंडरा त्या वाटेनं हाताशी येत नाहीत, त्यामुळे त्या सहसा तशाच राहतात.

“मागून केलं तर कायमचं लंगडणं”

इथं दोन वेगळ्या पद्धतींची सरमिसळ झाली आहे. एका पायावर उभं राहताना कंबर सरळ धरतात ते ग्लुटियस मीडियस आणि मिनिमस. मागच्या वाटेनं हे कापत नाहीत. ग्लुटियस मॅक्सिमसचे तंतू त्यांच्याच दिशेनं दुभागतात आणि छोट्या फिरवणाऱ्या स्नायूंच्या कंडरा हाडापासून सोडवतात.

लंगडण्याची भीती मुख्यतः बाजूच्या वाटेशी, १९८२ साली हार्डिंज यांनी मांडलेल्या पद्धतीशी, जोडलेली आहे. तिच्यात ग्लुटियस मीडियसचा पुढचा भाग हाडापासून उचलून शेवटी परत शिवतात. ती शिवण सुटली, किंवा चीर फार वर नेऊन या स्नायूंना चालवणारी सुपिरिअर ग्लुटियल नस (मज्जातंतू) दुखावली, तर कंबर एका बाजूला झुकते. बहुतेकांच्या बाबतीत शिवण नीट भरून येते, हेही सांगायला हवं.

शिवाय लंगडण्याचं कारण दर वेळी स्नायूच असतो असं नाही. पायाची लांबी चुकली, किंवा गोळ्याचा मध्य आणि मांडीच्या हाडाचा अक्ष यांतलं आडवं अंतर कमी झालं, तर शाबूत स्नायूही सैल पडतो आणि माणूस लंगडतो. ऑपरेशनआधी एक्स-रेवर मापं आखतात ती याचसाठी.

“स्नायू वाचवणारी” हे बिरुद फक्त पुढच्या वाटेचं नाही, हेही या निमित्तानं. टेन्सर आणि ग्लुटियस मीडियस यांच्या फटीतून जाणारी पुढची-बाजूची पद्धत आहे. सुपरपाथ नावाच्या पद्धतीत मिनिमस आणि पिरिफॉर्मिस यांच्यामधून वरून शिरतात आणि सांधा न निखळवता हाडाची मान जागेवरच कापतात. स्पेअर पद्धतीत मागूनच जातात, पण छोट्या फिरवणाऱ्या स्नायूंपैकी पिरिफॉर्मिस आणि ऑब्ट्युरेटर इंटर्नस राखून ऑब्ट्युरेटर एक्स्टर्नस परत शिवतात. म्हणजे पुढून विरुद्ध मागून ही मांडणीच अपुरी आहे.

“सांधा निखळत नाही, पथ्य नाही”

या मुद्द्याला खरा आधार आहे. पुढच्या वाटेनं निखळण्याचं प्रमाण कमी असतं, कारण मागचं आवरण बरंचसं शाबूत राहतं. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. मागून केलेला सांधा बहुधा मागं निखळतो: बसक्या खुर्चीत बसून गुडघा आत वळवून पुढं वाकलं की. पुढून केलेला पुढं निखळू शकतो: ऑपरेशनच्या पायावर भार देऊन उभं असताना धड उलट्या बाजूला वळवलं की. त्यामुळे पथ्य लागलंच, तर दोघांचं वेगळं.

मागच्या वाटेची बदनामी झाली ती बरीचशी जुन्या काळात, जेव्हा मागचं आवरण उघडंच सोडत. आता ट्रोकँटरला बारीक भोकं पाडून, मजबूत धाग्यानं आवरण आणि कंडरा एकत्र ओढून हाडावर बांधतात. १९९८ साली दोन सर्जननी अशा शिवणीआधीचे आणि नंतरचे आपापले रुग्ण ताडून पाहिले. एकाकडे निखळण्याचं प्रमाण ४ टक्क्यांवरून शून्यावर आलं, दुसऱ्याकडे ६.२ वरून ०.८ टक्क्यांवर. त्यावर ३२ किंवा ३६ मिलिमीटरचा मोठा गोळा वापरला की फरक आणखी आकसतो.

कमरेचे मणके स्क्रूनं जखडलेले असतील तर मात्र वाटेपेक्षा ती बाब मोठी. निरोगी माणूस बसला की ओटीपोटाचं हाड मागं कलतं आणि वाटीचं तोंड पुढं उघडतं. ताठ कमरेत ते कलत नाही, मांडीचं हाड पुढं अडकतं आणि गोळा मागं ढकलला जातो. अशा रुग्णानं वाटीचा कोन कसा ठरवणार आणि दुहेरी हालचालीची (गोळा दोन जागी फिरू देणारी) वाटी लागेल का, हे आधी विचारावं.

“आठवड्यात पूर्वीसारखं”

सुरुवातीचे काही आठवडे पुढच्या वाटेचे रुग्ण पुढं असतात, हे मान्य करायला हवं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या २०१८ च्या अभ्यासात रुग्ण चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले होते. काठी-वॉकरसारखे सगळे आधार सुटायला पुढून सरासरी १७ दिवस लागले, मागून सुमारे २४. दोन महिन्यांपर्यंत फरक मिटला होता. एकट्या राहणाऱ्या माणसाला हा आठवडाही मोलाचा असू शकतो. पण तो आठवडाच आहे, जन्मभराचा फरक नव्हे. आणि त्याच दिवशी उभं करणं, रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, वेदनाशामकांचं नीट वेळापत्रक हे सगळं कुठल्याही वाटेनं मिळू शकतं.

छोट्या व्रणाबद्दल एवढंच: चीर किती सेंटिमीटरची, यावर सांधा किती टिकेल हे ठरत नाही.

“धोका कमी”

इथं तो मजकूर उलटा पडतो. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय नोंदवहीतल्या १,२२,३४५ सांधेरोपणांच्या २०२० च्या पाहणीत दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागण्याचं एकूण प्रमाण वाटेनुसार वेगळं नव्हतं. कारणं वेगळी होती. पुढून केलेल्यांत निखळणं आणि जंतुसंसर्ग कमी. मांडीच्या हाडाचं फ्रॅक्चर आणि दांडा सैल होणं जास्त. कारण तेच, वर न येणारं हाड. टोक पुरेसं वर आलं नाही की ब्रोच तिरका जातो आणि पोकळीची भिंत फोडतो, किंवा दांडा लहान मापाचा बसतो आणि पुढं सैल होतो.

कॅनडातल्या ओंटारिओच्या ३०,०९८ रुग्णांच्या २०२० च्याच पाहणीत एका वर्षातली मोठी गुंतागुंत पुढून २ टक्के, मागून किंवा बाजूनं १ टक्का आढळली. दोन्ही आकडे लहान आहेत आणि ही पाहणी होती, प्रयोग नव्हता.

मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा येणं हे पुढच्या वाटेचं खास दुखणं, कारण तिथल्या त्वचेला संवेदना देणारी नस चिरेच्या जवळून जाते. ती टाळायला चीर कमरेच्या पुढच्या टोकापासून दोन-तीन सेंटिमीटर बाहेर घेतात आणि टेन्सरच्या वेष्टणाच्या आतूनच खाली उतरतात. पोटाची घडी चिरेवर लोंबत असेल तर जखम ओली राहते आणि चिघळते.

“सर्जन बदला”

ऑस्ट्रेलियाच्याच नोंदींवरून २०१५ साली दिसलं की पुढच्या वाटेची ५० किंवा अधिक ऑपरेशनं होईपर्यंत सर्जनचे निकाल अनुभवी लोकांच्या बरोबरीला येत नाहीत. हजार सांधे मागून बसवलेल्या हातांना, रुग्णाच्या आग्रहाखातर, पुढची वाट धरायला लावणं म्हणजे त्या पन्नासांत स्वतःचा नंबर लावणं.

जाड स्नायू, मांडीच्या हाडाची आखूड मान, जन्मजात वाकडा सांधा, आधीच्या ऑपरेशनचं मागच्या बाजूचं लोखंड काढायचं असणं, अशा वेळी मागची वाट सोपी पडते, शिवाय गरज पडली तर ती मांडीवर हवी तेवढी खाली वाढवता येते. ठिसूळ हाड असेल तर वाट कुठलीही असो, सिमेंटनं बसवलेला दांडा फ्रॅक्चरचा धोका कमी करतो.

तपासणीला जाताना हे प्रश्न न्यावेत. या वाटेनं तुम्ही एकूण किती आणि गेल्या वर्षी किती ऑपरेशनं केलीत? त्यांतली किती निखळली, कितींचं हाड फुटलं? मागून करणार असाल तर आवरण हाडाला शिवणार का? पुढून करणार असाल आणि हाडाला चीर गेली, तर तारा बांधायची आणि लांब दांडा घालायची सोय त्याच टेबलावर आहे का?