"फोटो ओरिजिनलच टाका" म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

परवा रात्री साडेदहाला पैठणच्या मावशीचा फोन. "कामून रे माझे फोटो बारीक करून टाकलेस? गटात मेसेज आलाय, त्यानं साइट गुगलवर खाली जाते म्हणं." मी काही बोलायच्या आत कळलं की तिनं चाळीसच्या चाळीस फोटो काढून फोनमधले ओरिजिनल परत चढवले पण. मावशी घरूनच पैठणी विकते, साइट मी करून दिलीय, आणि तोच मेसेज मला काल अजून दोन ग्रुपवर दिसला म्हणून हे लिहितोय.

मेसेजमध्ये म्हटलंय की फोटो कधीच कॉम्प्रेस करू नका, रंग उडतो. 300 डीपीआय (छापताना एका इंचात किती ठिपके ते) आणि पीएनजी प्रकारची फाइलच ठेवा. फोटो जेवढा जड तेवढं गुगल तुम्हाला वर दाखवतं. फोटोतलं लोकेशन काढू नका, त्यानं जवळचं गिऱ्हाईक मिळतं. आणि ऑल्ट टेक्स्टमध्ये, म्हणजे फोटोमागं लिहायच्या वर्णनात, पन्नास कीवर्ड (लोक गुगलवर शोधतात ते शब्द) भरा.

आधी लोकेशनचंच बोलतो, कारण बाकीच्या मुद्द्यांनी धंद्याचं नुकसान होतं, ह्यानं घर उघडं पडतं. कॅमेऱ्यात लोकेशन चालू असलं की प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश लिहिले जातात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की ते निघून जातात म्हणून लोकांना वाटतं असं काही नसतंच, पण तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला किंवा फोनमधून सरळ साइटवर चढवला तर राहू शकतात. मावशीनं चढवलेला एक फोटो मी साइटवरून उतरवून घेतला, त्यातले आकडे मॅपमध्ये टाकले, तर पिन सरळ तिच्या अंगणात. आम्ही साइटवर मुद्दाम घरचा पत्ता दिला नव्हता, फक्त गाव आणि नंबर. घरात दोघी बायका, कपाटात लाखाच्या वर माल, आणि फोटोसोबत घराचा नकाशा जगाला वाटायचा? जवळचं गिऱ्हाईक पाहिजे असेल तर गुगलवर बिझनेस प्रोफाइल काढा, त्यात घरचा पत्ता लपवून फक्त कुठल्या भागात माल देता तेवढं दाखवता येतं. हे असले सल्ले पुढं ढकलणाऱ्यांनी एकदा स्वतःच्या घरचा फोटो तपासून बघावा.

आता जड फोटो. हिशेब करा ना. 12 मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे 4000 बाय 3000 पिक्सेल, साधारण 4 एमबी. एका पानावर वीस साड्या म्हणजे 80 एमबी. गावाकडं नेट 5 एमबीपीएस (म्हणजे सेकंदाला 5 मेगाबिट, आणि आठ मेगाबिटचा एक एमबी) मिळालं तर एकच फोटो उघडायला सहा सेकंदांच्या वर लागतात, सगळं पान दोन मिनिटांच्या वर. तेवढा वेळ कोण थांबतंय? मोबाईलची स्क्रीन बऱ्याचदा 1080 पिक्सेल रुंद असते, बाकीचे पिक्सेल गिऱ्हाइकाचा डेटा खाऊन वाया जातात. गुगल काय म्हणतं ते साइटवाल्यांसाठीच्या त्यांच्याच सर्च सेंट्रलच्या इमेजवाल्या मार्गदर्शनात लिहिलेलंय, की पानाच्या वजनात बहुतेक वेळा सगळ्यात मोठा वाटा फोटोंचाच असतो आणि त्यामुळं पान हळू आणि महाग पडतं, म्हणून ऑप्टिमाइझ करा. पानावरची सगळ्यात मोठी गोष्ट अडीच सेकंदांच्या आत दिसावी हा निकषसुद्धा त्यांचाच. त्याच मार्गदर्शनात असंही आहे की ऑल्ट टेक्स्टमध्ये कीवर्ड कोंबले तर साइट स्पॅम समजली जाऊ शकते. ऑल्ट म्हणजे ज्याला फोटो दिसत नाही त्याला सांगायचं वाक्य. "जांभळी पैठणी, पदरावर बांगडी मोर" एवढं बास.

रंगाच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे, ते मान्य करावं लागतं. जेपीजी, म्हणजे फोटोची नेहमीची फाइल, करताना रंगाची माहिती कमी ठेवली जाते, त्यामुळं लालभडक काठावरची जरीची बारीक रेघ पसरल्यासारखी दिसते. त्याला क्रोमा सबसॅम्पलिंग म्हणतात आणि जेपीजीत ते बंद करता येतं, वेबपी नावाच्या नव्या फाइलप्रकारात, साध्या सेटिंगला, नाही, म्हणून लाल साड्यांना मी जेपीजीच ठेवतो. दुसरं म्हणजे आयफोनसारखे काही फोन फोटो जास्त रुंद रंगपट्ट्यात घेतात, आणि एखाद्या ॲपनं रंग न बदलता फाइलमधलं नुसतं कलर प्रोफाइल (रंग कसे दाखवायचे ती नोंद) उडवलं तर साडी फिकी दिसते. म्हणजे चूक कॉम्प्रेस करण्यात नाही, कसंही करण्यात आहे. एकच जेपीजी परत परत सेव्ह केली तरी खराब होते, म्हणून मूळ फोटो जपून ठेवायचा आणि दरवेळी त्याच्यावरूनच नवीन करायचा. हातमागाच्या पैठणीची नक्षी मागून पुढून सारखी दिसते, जाणकार गिऱ्हाईक मागची बाजू झूम करून बघतंच, त्याला स्वच्छ फोटो लागतो हे खरंय. तो मोठा फोटो बोट लावल्यावर उघडू द्या ना, पहिल्या पानावर कशाला?

डीपीआय छापखान्यासाठी असतो, स्क्रीनवर 72 लिहा नाहीतर 300, पिक्सेल तेवढेच तर फोटो तसाच. पीएनजी लोगोला ठीक, साडीच्या फोटोला घेतला तर फाइल कैक पट फुगते.

मी काय करतो ते सांगतो. गुगलवाल्यांचं स्क्वूश नावाचं फुकट टूल ब्राउझरमध्येच चालतं, फोटो कुठं जात नाही. रुंदी 1600, क्वालिटी 75 ते 80, बहुतेक फोटो 300 केबीच्या आसपास बसतो, आणि नव्यानं बनलेल्या फाइलमध्ये लोकेशनही राहत नाही. जरीची रेघ फाटल्यासारखी दिसली तर क्वालिटी थोडी वाढवा.

ज्या ताई-मावश्यांनी मेसेज वाचून ओरिजिनल चढवलेत, त्यांनी आजच कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन बंद करा आणि जुने फोटो काढा. नुसतं प्रॉडक्टमधून काढून भागत नाही, मीडिया लायब्ररीतूनही (साइटवर चढवलेले सगळे फोटो साठतात तिथून) डिलीट करा, नाहीतर फाइल सर्व्हरवर तशीच राहते आणि लिंक असलेल्याला ती उघडता येते. मावशीचे चाळीस फोटो मी त्याच रात्री एकेक करून तिथूनच काढले.