लक्ष्याचा सगळ्यात भारी रोल कुठला? माझं उत्तर ठरलेलंय

'अशी ही बनवाबनवी' आपल्याला तोंडपाठ आहे, 'झपाटलेला' लागला की आजपण कुणी चॅनल बदलत नाही, पण 'एक होता विदूषक' बघितलाय का असं विचारलं की सोलापुरात निम्मे लोक म्हणतात, हा लक्ष्याचाच का ओ?

हो, लक्ष्याचाच, 1992 चा. डायरेक्टर जब्बार पटेल, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला माणूस, पटकथा-संवाद पुलंचे, गाणी ना. धों. महानोरांची, संगीत आनंद मोडक. उत्कृष्ट मराठी चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालंय आणि तरी मला याची व्हीसीडी नवी पेठेत एका दुकानात धमाल कॉमेडीच्या गठ्ठ्यात सापडली, याचं खरंच वाईट वाटतं.

आबुराव (म्हणजे लक्ष्या) तमाशातला सोंगाड्या, आई फडावर नाचणारी. मधु कांबीकरांनी ती आई काय केलीय, बघाच. मग आबुराव सिनेमात जातो, स्टार होतो, राजकारणवाले त्याला वापरून घेतात, आणि अख्ख्या महाराष्ट्राला हसवणाऱ्या या माणसाची पोरगी, जाई, ती काही केल्या हसत नाही. मोडनिंबच्या लावणी-तमाशाच्या कलाकेंद्रांचे बोर्ड आपण येता-जाता बघतो, त्या माणसांच्या पोटात काय असतं ते मला या सिनेमात दिसलं.

आणि लक्ष्या! टायमिंग तेच, डोळे तेच, वाक्य फेकायची ती घाईपण तीच, फक्त इथं त्या सगळ्याखाली एक भीती आहे, की आपण हसवायचं थांबलो तर आपल्याला कोण विचारणार. त्याच्या इतर पिक्चरमध्ये हशा पिकला की सीन संपतो, इथं हशानंतरचा त्याचा चेहरा बघत बसावं लागतं. हे काम ज्यानं केलं त्याला आपण आयुष्यभर नुसता कॉमेडियन म्हणत राहिलो आणि 2004 ला तो गेला पण.

मला वाटतं हा सिनेमा घरीच बघावा. थेटरात लक्ष्या दिसला की लोक आधीच हसायला लागायचे, त्याला गंभीर व्हायला कुणी जागाच देत नव्हतं. घरी तसं होत नाही, रात्री सगळे झोपल्यावर लावा, मध्येच थांबवून तोच सीन परत बघा, पुलंची वाक्यं नीट ऐका.

कुणाच्या कपाटात याची व्हीसीडी पडून असेल तर प्लेअर नाही म्हणून भंगारात घालू नका. माझा प्लेअर चालू आहे, घेऊन या, बसून बघू.